सुंभ आणि पीळ

बाळाचं जावळ कुरळं असलं की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यात बोटं घालून बघतो. तेच बाळ दहा वर्षांचं झालं की त्याच केसांना झिपऱ्या म्हणतात. मधल्या काळात केसांनी वावगं असं काहीच केलेलं नसतं.

माझ्या केसांना झिपऱ्यांखेरीज आयाळ, घरटं आणि पिंजलेला कापूस अशीही नावं होती. आई सकाळच्या घाईत कोरड्या केसांतून बारीक दातांची फणी वरून खाली ओढायची. मानेपाशी गुंता लागला की फणी अडायची. मग एक हिसडा, कर्रकन आवाज आणि माझी किंकाळी. "मान ताठ ठेव जरा. केस आहेत की तारेचं कुंपण!" हे तिचं ठरलेलं वाक्य. कुरळा केस ओला असताना, काहीतरी लावून निसरडा करून, टोकापासून वर वर सोडवत न्यायचा असतो, हे मला चाळिशीत कळलं. तिला कोण सांगणार होतं? तिचेही केस कुरळेच, आणि तिच्या आईनेही ते असेच ओढलेले.

कमवायला लागल्यावर मी पहिली मोठी खरेदी केली ती केस सरळ करायच्या इस्त्रीची. पुढची दहा-अकरा वर्षं रोज सकाळचा पाऊण तास तिला वाहिलेला होता. घाईच्या दिवशी केस पुरते वाळायच्या आतच इस्त्री फिरवायचे. चर्र आवाज यायचा, वाफ निघायची आणि मला वाटायचं, वा, काम होतंय. ती वाफ केसाच्या आतली होती. ओल्या केसाला इतका ताप दिला की आत मुरलेलं पाणी उकळतं आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस जागोजागी स्पंजासारखा दिसतो, आणि मोडतोही नेमका तिथेच. माझ्या खांद्यावर पडणारे अर्ध्या बोटाएवढे तुकडे मी केस गळतायत म्हणून झाडून टाकत असे. ते गळत नव्हते, तुटत होते. गळलेल्या केसाला एका टोकाशी मुळाचा पांढरा ठिपका असतो. यांना नव्हता.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण हेकट माणसाला लावतो. माझ्या डोक्यावर ती शब्दशः चालू होती. खाली टोकं जळत होती आणि वर मुळाशी दर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर नवा पीळ उगवून येत होता.

तो पीळ पडतो कातडीखाली, काही मिलिमीटरवर. केस जिथून निघतो ती पिशवी सरळ केसवाल्यांमध्ये सरळसोट उभी असते, आमच्यात ती वाकडी, तिरकी. तिच्या दोन बाजूंना पेशी सारख्या गतीने तयार होत नाहीत, त्यामुळे केस बाहेर पडताना एका अंगाला झुकूनच पडतो. आडवा कापून पाहिला तर गोलाऐवजी चपटा, लंबगोल. म्हणजे कातडीबाहेर आल्यावर आपण त्याला तेल लावा, इस्त्री करा, रसायनात बुडवा, कारखाना आत आहे आणि त्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. शिवाय बाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला 'पोषण' देता येत नाही, मेलेल्या वस्तूला जेवण जात नाही. बाटल्यांवर काहीही लिहिलेलं असो.

मी इस्त्री सोडली त्याचं कारण मात्र भव्य नाही. स्वतःला स्वीकारण्याच्या वगैरे प्रवासाला मी निघाले नव्हते. माझा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. सहा महिने व्यायाम चालले आणि तेवढ्या काळात मुळापासून सहा सेंटिमीटर कुरळे, खाली काडीसारखे सरळ, असं ध्यान आरशात तयार झालं. वरचा भाग फुगलेला, खाली शेपट्या लोंबतायत. शेवटी सरळ भागातला बराचसा कापून टाकला. कुरळा केस ओला कापला की वाळल्यावर किती वर जाईल याचा नेम नसतो. माझा हनुवटीपर्यंत कापलेला केस तासाभरात कानाच्या पाळीशी जाऊन बसला. त्या दिवशी मी मनापासून रडले, हेही सांगून टाकते.

आणि मग वही घातली. मी मुळातली नोंदी करणारी. दुधाचा हिशोब नाही, पण कुठलं झाड कधी फुललं हे लिहून ठेवणाऱ्यातली. वहीत तारीख, काय धुतलं, काय लावलं, कसं वाळवलं, आणि शेवटच्या रकान्यात निकाल: 'छान', 'बरे', 'फुगले', 'विचारू नका'. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या पानावर मी माझ्या केसांचा प्रकार लिहायला बसले. केसांची जी १ ते ४ अशी वर्गवारी सगळीकडे दिसते ती आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराने १९९७ साली मांडली: १ सरळ, २ लाटांचे, ३ कुरळे, ४ अगदी घट्ट स्प्रिंगसारखे, आणि त्यांचे अ-ब-क असे पोटप्रकार. मला वाटलं, आकडा मिळाला की औषध मिळालं. पण माझ्या मानेवरचे केस पेन्सिलीएवढ्या वेटोळ्यांचे, वरचे नुसत्या लाटा मारणारे, आणि कपाळावरची एक बट कुठल्याच रकान्यात न बसणारी. एका डोक्यावर तीन आकडे! त्यात मला जे हवं होतं, केस जाड की बारीक, दाट की विरळ, पाणी लवकर पितात की उशिरा, ते त्या आकड्यात नव्हतंच. ग्लासभर पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो ते पाहायची चाचणीही केली. तीन केस, तीन निकाल. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण आणि केसावरचा तेलकटपणा एवढंच ती चाचणी सांगते, असं माझं मत झालं आणि मी ते पाणी झाडाला घातलं.

मग स्वयंपाकघर. तिथले प्रयोग थोडक्यात सांगते, कारण ते आठवूनही लाज वाटते. केळ्याचा लेप: तुकडे दोन दिवस निघत होते. अंडं: डोक्यावर लावून गरम पाण्याने धुतलं, त्यामुळे ते डोक्यावरच शिजलं. पांढरे कण फणीने काढताना वाचायला घेतलं तेव्हा कळलं की अंड्यातल्या प्रथिनाचा रेणू केसात शिरण्याएवढा लहान नसतोच. त्याचे आधी तुकडे करावे लागतात, आणि ते काम कारखान्यात होतं, वाटीत नाही. मग खाण्याचा सोडा. शाम्पूऐवजी सोड्याच्या पाण्याने केस धुवा, सगळं साचलेलं निघून जातं, असं ऐकलं होतं. खरंच निघून जातं, त्यासोबत बाकीचंही जातं. आपल्या टाळूचा पीएच साधारण ५.५, म्हणजे किंचित आंबट. सोड्याचं पाणी आठच्या वर. केसावर माशाच्या खवल्यांसारखे जे थर असतात ते अशा पाण्यात उघडतात, एकमेकांना घासतात, अडकतात. वाळल्यावर केस हातात घेतले तर हाताला काथ्या लागला. सुंभच म्हणा ना. वहीत त्या दिवसापुढे नुसतं एक फुली मारलेलं चित्र आहे.

खोबरेल तेलाची बाजू मात्र वहीने राखली. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुताना त्यातलं प्रथिन निघून जातं, ते कमी करण्यात फक्त खोबरेल उपयोगी ठरलं, कारण त्याचा रेणू लहान आणि सरळ, तो केसात शिरतो. माझ्याकडे प्रयोगशाळा नव्हती, पण धुण्याच्या आदल्या रात्री टोकांना तेल लावलेल्या दिवशी न्हाणीघराच्या जाळीवर तुटलेले तुकडे कमी दिसायचे. कुरळ्या केसाला टोकांशी तेल लागतंच वरून, कारण टाळूतून पाझरणारा स्निग्धांश सरळ केसावरून घसरत खाली जातो, आमच्या वळणावळणाच्या घाटात तो दुसऱ्या वळणावरच थांबतो.

आता जवसाबद्दल. यावर मी तासभर बोलू शकते.

पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आच. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही, तपकिरी दाणे पाण्यात इकडून तिकडे फिरतात. मग काठाशी पांढरट फेस धरतो. चमच्याला किंचित जडपणा जाणवतो. इथे फोन घ्यायला बाहेर जायचं नाही. चमचा वर उचलून धरला आणि थेंब पडताना मागे अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरू लागला की गॅस बंद, आणि लगेच, कडकडीत असतानाच गाळायचं. पहिल्या खेपेला मी समंजसपणे ते गार होऊ दिलं. गार झाल्यावर ते पातेल्यातून एका गोळ्यात बाहेर आलं, जेलीफिश यावा तसं, आणि गाळणीत बसून राहिलं. मग जुना पायमोजा घेतला, पातळ नायलॉनचा, त्यात ते भरलं आणि पिळलं. पायमोजाला टाचेशी छोटं छिद्र होतं. जवसाचा बुळबुळीत फवारा सरळ ओट्यामागच्या फरशीवर, तिथून घड्याळावर. वाळल्यावर ते काचेसारखं होतं. घड्याळाच्या काचेवरचा एक ओघळ अजून आहे, नखाने खरवडला तरी निघत नाही. म्हणजे केसांवर काय होत असेल याचा अंदाज आला आणि मला आनंदच झाला.

कारण हे जेल तेच करतं. निथळत्या ओल्या केसांना ते लावायचं, केस ओंजळीत घेऊन खालून वर मुठीत दाबायचे. 'चपक चपक' असा आवाज यायला हवा. येत नसेल तर पाणी कमी आहे. मग जुना सुती टी-शर्ट पसरून त्यात केस गोळा करून डोक्याला गुंडाळायचे. टॉवेलचे दोरे खवल्यांत अडकतात, टी-शर्टचं कापड गुळगुळीत. वीस मिनिटांनी टी-शर्ट सोडायचा आणि केस वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळले की बटा खडखडीत लागतात, वाजतातसुद्धा. नवशिका माणूस इथे घाबरून धुऊन टाकतो. ते कवच असतं. मुठीत हलकेच चुरलं की कवच फुटतं आणि आतून मऊ वेटोळं निघतं, जसं शेंगेतून दाणा. हे जेल फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. नंतर त्याला जो वास येतो त्याची नोंद वहीत आहे, वर्णन नाही.

'हात लावायचा नाही' हे सगळ्यांत अवघड. ते का, हे कळल्यावर थोडं सोपं झालं. केस ज्या प्रथिनाचा बनतो त्या केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणाऱ्या बंधांतल्या दोन जाती इथे महत्त्वाच्या. गंधकाचे बंध पक्के, पाण्याने सुटत नाहीत. केस कायमचे कुरळे किंवा सरळ करायची रसायनं तोडतात ते हेच. दुसरे हायड्रोजनचे बंध, एकेकटे लेचेपेचे पण संख्येने अपार. पाणी लागलं की हे सुटतात आणि पाणी उडून गेलं की पुन्हा जुळतात, केस त्या घटकेला ज्या आकारात असेल त्या आकारात. म्हणजे वाळतानाचा तासभर हाच काय तो साच्यात ओतण्याचा वेळ. त्या तासात मी फोनवर बोलताना बट बोटाला गुंडाळत असे, उशीला टेकत असे, आरशासमोर जाऊन 'बघू कुठवर आलंय' म्हणून विसकटत असे.

चार महिन्यांनी मी वही घेऊन हिशोबाला बसले. जवस जिंकणार याची खात्री होती. पण 'छान' आणि 'फुगले' यांचे थवेच्या थवे दिसत होते, लावलेल्या वस्तूंशी फारसा संबंध नसलेले. जवस लावून फुगलेले होते, नुसत्या पाण्याने धुऊन छान होते. मला कळेना. मग लक्ष गेलं समासातल्या खरडीकडे. सवयीने मी तिथे काहीबाही लिहीत असे: 'मोगऱ्याला कळी', 'ऊन कडक', 'कपडे वाळले नाहीत'. आणि जिथे जिथे 'कपडे वाळले नाहीत' तिथे तिथे शेवटच्या रकान्यात 'फुगले'. एकही अपवाद नाही म्हणणार नाही, दोन होते.

चार महिने मी शाम्पू मोजतेय असं समजत होते आणि मोजत होते हवा.

हा शोध माझा नव्हे, जरा उशिराच लागला. जिनिव्हाचे ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर, आल्प्सच्या डोंगरांत उपकरणं घेऊन हिंडणारे अभ्यासक, यांनी हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र १७८३ साली जगासमोर ठेवलं. त्यात मोजणारी वस्तू होती माणसाचा केस. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. अगदी कोरड्यापासून अगदी दमटपर्यंत फरक दोन-अडीच टक्क्यांचा, पण दर वेळी इमानदारीने. इलेक्ट्रॉनिक संवेदक येईपर्यंत हवामान केंद्रांमधल्या बऱ्याच यंत्रांत केस ताणलेले असत.

म्हणजे ज्याला मी आयुष्यभर बेशिस्त म्हटलं ते उपकरण होतं.

मी ते घरी केलं. फणीतला एक लांब केस, साबणाने धुऊन तेलाचा अंश घालवलेला. पुठ्ठ्यावर वर टाचणीने घट्ट केला, खालचं टोक एका हलक्या कागदी काट्याला बांधलं. काटा टाचणीभोवती फिरेल असा, केस टाचणीच्या अगदी जवळ आणि काट्याचं दुसरं टोक दहापट लांब. केसाचं वेटोळं उलगडावं म्हणून शर्टाच्या बटणाचं वजन. वीस सेंटिमीटरचा केस, त्याचे दोन टक्के म्हणजे चार मिलिमीटर, दहापटीने चार सेंटिमीटर. गणित इतकं सोपं आणि हात इतके जाड! तीन केस तुटले, एकदा गाठ सुटली. चौथा टिकला. न्हाणीघरात गरम पाणी सोडून पुठ्ठा तिथे नेला आणि काट्याकडे बघत उभी राहिले. पाच मिनिटांत तो निघाला. माझा केस, डोक्यावर नसताना, मी काही लावलेलं नसताना, वाफ बघून लांबत होता. मी घरात हाका मारल्या, पण घरी कोणी नव्हतं.

तो पुठ्ठा आता स्वयंपाकघरात घड्याळाशेजारी लटकतो. काटा वर असेल त्या दिवशी ग्लिसरीन असलेलं काही लावत नाही, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून आणतं आणि केसाला आधीच नको एवढा मिळालेला असतो. त्या दिवशी जवस जरा जास्त. काटा खाली असेल तर क्रीम, आणि जेल कमी. एवढंच. बाकीच्या सोळा बाटल्या मी वाटून टाकल्या.

आई परवा राहायला आली. सत्तरी ओलांडली तिने. केस विरळ झालेत, मागे बोराएवढा अंबाडा. पुठ्ठ्याची हकीकत तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण असले केस असतात कशासाठी?" मी तिला सांगितलं की हाच प्रश्न घेऊन काही संशोधकांनी माणसासारख्या तापवलेल्या पुतळ्याला निरनिराळे केसांचे टोप घालून वर सूर्यासारखे दिवे लावले होते, २०२३ साली ते छापून आलं. कुठलेही केस असले तरी डोक्याला ऊन कमी लागतं, पण सगळ्यांत घट्ट कुरळ्या केसांखाली सगळ्यांत कमी. तिने अंबाड्यावर हात ठेवला. "माझा पीळ गेला गं कधीच."

न्हाऊन आली तेव्हा मी तिला स्टुलावर बसवलं. केस ओले, मानेला चिकटलेले. कानामागून एक बट मोकळी केली तर ती बोटावरून निसटून स्वतःच वर चढली, पेन्सिलीएवढं वेटोळं. माझ्या मानेवर आहे तेच. मी काही बोलले नाही. मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून सोडवत आले, गुंता नव्हताच फारसा. जेल लावलं. "शेंबडासारखं आहे," ती म्हणाली. ओंजळीत घेऊन दाबलं, टी-शर्ट गुंडाळला, वीस मिनिटांनी सोडला. आता वाळेपर्यंत थांबायचं, म्हटलं.

दहा मिनिटं झाली नसतील, तिचा हात मानेकडे गेला.

"आई, हात नको. मान ताठ ठेव जरा."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "किती वेळ?"

मी भिंतीकडे पाहिलं. "काटा वर आहे आज. दोन तास तरी."

"मग टीव्ही लाव," ती म्हणाली.